गो, वेंट, गॉन

साडेचार वाजले तरी ऊन हटत नाही. साखरखेर्ड्याच्या स्टँडवर मेहकरच्या एसटीची वाट पाहणारी माणसं टपरीच्या सावलीला सरकून उभी आहेत. मी गल्लीत वळतो. आधी आवाज येतो, मग घर दिसतं. गो, वेंट, गॉन. कम, केम, कम. पाढे म्हणावेत तशी चाल, तिसऱ्या शब्दावर सूर खाली.

वर टिनाचं छप्पर. पंखा फिरतो, वारा गरमच. सतरंजीवर मराठी शाळेतली सहावी-सातवीची पोरं. भिंतीला चिकटून सरांच्या टेबलापर्यंत रांग. ज्याची पाळी येईल त्यानं पाच क्रियापदांची तिन्ही रूपं म्हणायची. चुकला की पुन्हा शेवटी. एका मुलीनं तळहातावर निळ्या पेनानं ‘ब्रिंग, ब्रॉट’ लिहिलंय. घामानं शाई फुटलीय. ती मूठ मिटते, उघडते, बघते, परत मिटते. ओठ हलत राहतात.

“सर, कॅचचं कॅच्ड काऊन नाही?”

सर खडू खाली ठेवतात. प्रश्न रास्त आहे. नेमाबाहेरची अशी क्रियापदं दोनशेच्या आसपास, पण इंग्रजीत सगळ्यात जास्त लागणारी दहाच्या दहा त्यातलीच. करणं, म्हणणं, जाणं, येणं. रोज तोंडात असतात, म्हणून त्यांची जुनी रूपं पुसली गेली नाहीत.

“बरं, ‘बस’चं बसला. मग ‘जा’चं?”

“गेला!”

“जाला काऊन नाही?”

वर्ग एकदम गप्प. पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येते. ही शांतता मला फार मोलाची वाटते. आपल्याच तोंडातला शब्द पोरं पहिल्यांदाच निरखून बघताहेत. ‘जा’ आला संस्कृतातल्या ‘या’ धातूवरून, ‘गेला’ आला ‘गत’वरून. ‘वेंट’सुद्धा ‘गो’चं नव्हेच, ते ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचं. स्पॅनिशमध्ये ‘इर’ म्हणजे जाणं आणि ‘फुई’ म्हणजे मी गेलो. ते रूप मुळात ‘असणं’ या क्रियापदाचं. इंग्रजी शिकताना तिकडची पोरंही याच याद्या घोकतात.

आता फळ्यावर ‘फाइट, फॉट, फॉट’. वाक्य गावातलंच. १७२४ साली निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझ खान इथंच लढले. दे फॉट हिअर. मागून एकजण उभा राहतो, “निजाम वन!” विन, वन, वन. सरांचा चेहरा खुलतो. शेजारचा एक बोट वर करून विचारतो, “वन म्हणजे एक ना?” दोन्ही वन फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले जातात. उच्चार एक, अक्षरं वेगळी.

रांग इंचाइंचानं पुढं सरकते. तळहातवालीची पाळी येते. ती मूठ मागं लपवते आणि ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट न बघता म्हणते.

दारात तिचा धाकटा भाऊ कधीचा बसलाय. तो हाक मारतो, “ताई, चल ना. मी जेवण करलं.”

“करलं नाही रे,” चप्पल शोधता शोधता ती म्हणते, “केलं.”