पित्ताची गोळी : पोटातल्या पित्ताची की अंगावरच्या?

"पित्ताची गोळी द्या हो!" असे म्हणत गिऱ्हाईक दुकानात आले, की विट्यासारख्या गावातला जाणता औषधविक्रेता आधी एक प्रश्न विचारतो, "कुठलं पित्त, वहिनी? पोटातलं का अंगावरचं?"

प्रश्न साधा, पण तो विचारला नाही तर छातीत जळजळणाऱ्याच्या हाती खाजेची गोळी पडायची आणि ज्याच्या अंगावर गांधी उठल्या आहेत त्याच्या हाती जळजळीची! आपल्या भाषेने या दोन निरनिराळ्या दुखण्यांना एकच नाव देऊन ठेवले आहे. गंमत अशी, की आधुनिक वैद्यकाने शोध घेतला तेव्हा दोन्हीकडे एकच द्रव्य काम करताना सापडले. त्याचे नाव हिस्टामिन. पोटात आम्ल पाझरायला लावणारे हेच, आणि अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठवणारेही हेच. मात्र दोन्ही ठिकाणची कुलपे वेगळी, म्हणून किल्ल्याही वेगळ्या आणि गोळ्याही वेगळ्या.

पोटातल्या पित्तावर पुष्कळ लिहिले जाते. आज विचार करायचा आहे तो अंगावरच्या पित्ताचा आणि त्यावरच्या त्या इवल्याशा गोळीचा. ही गोळी आता घरोघरी फडताळात असते, शेजारणीला उसनी दिली जाते आणि ती घेताना फारसे कोणी कोणाला विचारत नाही.

आमसुलाच्या पाण्यापासून

अंगावर पित्त उठणे हे काही नव्या काळाचे दुखणे नव्हे. 'माधवनिदान' या जुन्या वैद्यकग्रंथात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे आणि शीतपित्ताच्या कारणांत गार वाऱ्याचा स्पर्श सांगितला आहे. हे निरीक्षण अगदी खोटे नाही. गार पाण्याने किंवा गार वाऱ्याने गांधी उठणारी माणसे डॉक्टरांना आजही भेटतात.

घरातल्या आजीचा उपाय ठरलेला असे. आमसुले पाण्यात कोळायची आणि ते पाणी अंगाला चोळायचे. कोणी सोनकाव लावी. या उपायांना हसण्याचे कारण नाही. गार ओल्या स्पर्शाने खाज खरोखरच काही वेळ शमते. गारव्यानेच ज्याला पित्त उठते त्याला मात्र हा उपाय उलटा पडेल. शिवाय एकेक गांध बहुधा चोवीस तासांच्या आत आपोआप मावळते. त्यामुळे आमसुलाला यशही हमखास मिळे!

हा हिस्टामिन कोण?

१९०७ साली विंडाउस आणि फोग्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी हिस्टामिन प्रयोगशाळेत तयार केले. १९१० साली इंग्लंडात हेन्री डेल आणि लेडलॉ यांनी ते प्राण्यांना टोचले, तर रक्तदाब उतरला आणि श्वासनलिका आवळल्या. पुढे कळले, की हे द्रव्य परके नव्हे. ते आपल्याच शरीरात साठवलेले असते. त्वचेखाली, नाकाच्या अस्तरात, आतड्यात 'मास्ट' नावाच्या पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिनचे बारीक दाणे भरलेले असतात, जणू दारूगोळ्याची कोठारेच! एखाद्याच्या शरीराने शेंगदाण्याला, अंड्याला, कोळंबीला, गांधीलमाशीच्या विषाला किंवा पेनिसिलिनला शत्रू मानले, की तो पदार्थ पुन्हा आत येताच ही कोठारे फुटतात. हिस्टामिन बाहेर पडते, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपते आणि मज्जातंतू चेतवले जाऊन खाज सुटते. या उलट्या वागण्याला 'ॲलर्जी' हे नाव व्हिएन्नाच्या पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली दिले.

परंतु प्रत्येक वेळी खाण्याचाच दोष असतो असे मुळीच नाही. लहान मुलांत तर साध्या सर्दीतापाच्या विषाणूंमुळे गांधी उठणे फार सामान्य आहे. वेदनाशामक गोळ्यांनी उठतात, घट्ट पट्ट्याच्या दाबानेही उठतात. सहा आठवड्यांहून अधिक काळ वरचेवर पित्त उठत राहिले तर त्याला जुनाट म्हणतात. अशा रोग्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत बाहेरचे कारण सापडतच नाही. शरीराची संरक्षणव्यवस्थाच आपल्या पेशींना डिवचत असते. म्हणून आज वांगे बंद, उद्या डाळ बंद, परवा दही बंद असे करीत रोग्याला उपाशी ठेवण्यात शहाणपणा नाही. काही वर्षांत हे दुखणे बहुतेकांचे आपोआप मावळते, हाही मोठा दिलासाच आहे.

कुलपात बसलेली दुसरी किल्ली

हिस्टामिनला अडवायचे कसे? पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनियल बोव्हे आणि ॲन-मारी स्टाउब यांनी १९३७ साली असे पहिले द्रव्य दाखवले. ते माणसाला सोसणारे नव्हते. पण वाट सापडली. १९४२ साली फ्रान्समध्येच माणसाला देता येईल असे पहिले औषध आले आणि बोव्हे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

युक्ती अशी : हिस्टामिन ही किल्ली, रक्तवाहिन्यांवर आणि मज्जातंतूंवर तिची कुलपे. औषध त्या कुलपात आधी जाऊन बसते, म्हणून हिस्टामिनला शिरकाव मिळत नाही. पोटातले कुलूप वेगळे असते. त्याची किल्ली शोधणारे जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळाले आणि आज जळजळीवर मिळणारी फॅमोटिडीनसारखी गोळी त्याच घराण्यातली.

या उपमेतून एक व्यवहाराची गोष्ट निघते. गोळी कोठार फुटण्याचे थांबवत नाही. ती फक्त दारे लावून घेते. म्हणून गोळी घेताच पाच मिनिटांत गांधी गेल्या पाहिजेत अशी अपेक्षा धरू नये. तास-दीड तास वाट पाहावी. अधीर होऊन दुसरी, तिसरी गोळी घेऊ नये. आणि जुनाट पित्तात डॉक्टर रोज ठरल्या वेळी गोळी घ्यायला सांगतात, तेही याचसाठी : चोर येण्याआधी कडी लावलेली बरी.

गोळीची किंमत

जुन्या पिढीतल्या गोळ्या म्हणजे फेनिरामिन, अर्थात घरोघरी ठाऊक असलेली 'ॲव्हिल', आणि सर्दीच्या गोळ्यांत असणारे क्लोरफेनिरामिन. एस.टी.त गाडी लागू नये म्हणून घेतात ती 'ॲव्होमिन'ही याच कुळातली. या गोळ्या गुणकारी आहेत. पण त्या मेंदूत शिरतात. मेंदूत हिस्टामिनचे काम जागे ठेवण्याचे असते. ते अडले, की डोळ्यांवर झापड आलीच.

विट्यासारख्या गावी ही बाब किरकोळ नाही. १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात, नंतर दक्षिण साताऱ्यात आणि १९६० पासून सांगली जिल्ह्यात मोडणारे हे खानापूर तालुक्याचे ठाणे यंत्रमागांचे गाव आहे. रात्रपाळीत धावत्या धोट्यासमोर उभा राहणारा कामगार, मालमोटार हाकणारा चालक, कोंबड्यांचे खाद्य दळणाऱ्या यंत्राशी काम करणारा गडी, यांनी खाजेची गोळी घेऊन कामावर जाणे म्हणजे हात किंवा जीव पणाला लावणे होय. अमेरिकेत आयोवा येथे २००० साली याची परीक्षा झाली. चाळीस जणांना मोटारीच्या नकली रस्त्यावर गाडी चालवायला लावले. तेव्हा डायफेनहायड्रामिन हे जुने औषध घेतलेल्यांचे चालवणे मद्य घेतलेल्यांपेक्षाही बिघडले! आणखी बोचक गोष्ट ही, की आपल्याला झोप येत आहे की नाही, यावरून आपण किती चुकणार हे ओळखता येत नव्हते. "मला नाही बुवा गुंगी येत," या शब्दांवर म्हणूनच विसंबू नये. गोळीवर मद्य घेतल्यास काय होईल ते सांगायला नकोच.

नव्या पिढीच्या गोळ्या मेंदूत फारशा शिरत नाहीत. त्यांतले पहिले नावाजलेले औषध, टर्फेनॅडिन, हृदयाचा ठोका बिघडवते असे आढळल्याने १९९० नंतरच्या दशकात मागे घेतले गेले. त्याच्यापासून शरीरात बनणारे फेक्सोफेनॅडिन मात्र निर्धोक ठरले. ते पाण्याबरोबर घ्यावे. संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर घेतल्यास ते अंगी कमी लागते. सेटिरिझिन जुन्यांहून पुष्कळ बरे. तरी काहींना त्यानेही पेंग येते, आणि मूत्रपिंडे अधू असल्यास मात्रा कमी करावी लागते. महिनोन्महिने रोज घेऊन ते एकदम थांबवले तर क्वचित काहींना तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ साली दिला आहे. तेव्हा लांबचा वापर आणि त्याची सांगता, दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावीत.

खाज तीच, कारण दुसरे

आता एक फसगत. प्रत्येक खाज हिस्टामिनची नसते. शेतांच्या बांधांवर माजलेले गाजरगवत पाहा. १९५० नंतरच्या दशकात ते पुण्याच्या आसपास नजरेस आले आणि पाहता पाहता देशभर पसरले. त्याच्या सततच्या स्पर्शाने चेहरा, मान, हाताचे कोपरे काळवंडतात, जाड होतात, चिरतात. ही ॲलर्जी खरी; पण ती संथपणे, पांढऱ्या पेशींच्या द्वारे होते. तिथे ही गोळी फार तर रात्रीची झोप देईल; दुखणे बरे करणार नाही. गवतापासून दूर राहणे आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे हाच मार्ग. नवे उटणे किंवा केसांचा कलप लावल्यावर दोन दिवसांनी उठणारा चट्टाही बहुधा याच जातीचा.

दुसरे उदाहरण विट्याच्या खास धंद्याचे. येथील आणि आसपासच्या खेड्यांतील गलाई बांधव सोन्याचांदीच्या शुद्धीकरणासाठी हिंदुस्थानभर पसरले आहेत. तेजाबाच्या धुराने त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी येते, घसा खवखवतो. ही ॲलर्जी नव्हे, जळणे आहे. तिथे गोळी निरुपयोगी. धूर बाहेर नेणारी सोय हवी. तेजाबाचा तांबूस धूर छातीत गेल्यावर काही तासांनी दम लागू लागला, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

जिथे गोळीवर विसंबू नये

या लेखातले एवढेच लक्षात राहिले तरी पुरे. गांधींबरोबर जीभ किंवा घसा सुजला, आवाज घोगरा झाला, श्वास अडू लागला, घेरी आली, वारंवार उलट्या होऊ लागल्या, तर हे नुसते अंगावरचे पित्त नव्हे. सर्व शरीरावर झालेला तो घाला आहे. अशा वेळी "गोळी दिली आहे, पाहू थोडा वेळ," असे म्हणणे घातक ठरते. इथे मांडीत टोचायचे ॲड्रेनॅलिन हेच पहिले औषध. अंगावरच्या पित्ताची गोळी नव्हे. रोग्याला आडवे निजवावे, पाय उंच करावेत. दम लागत असेल तर टेकून बसू द्यावे, पण उठवून चालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठावे.

घरात पाळायचे काही नियम

लहान मुलाला शांत झोपावे म्हणून ही गोळी किंवा हे सरबत कधीही देऊ नये. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे सर्दीचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावले आहे.

आजोबांना जुन्या गोळ्या देताना विशेष जपावे. लघवी तुंबणे, काचबिंदू बळावणे, रात्री उठून भ्रमिष्टासारखे बोलणे, तोल जाऊन पडणे, हे सारे त्यांच्याने होऊ शकते.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी विचारल्यावाचून गोळी घेऊ नये.

गांध एकाच जागी चोवीस तासांहून अधिक टिकली, दुखू लागली किंवा मागे निळसर डाग ठेवून गेली, तर ते साधे पित्त नसावे, डॉक्टरांना दाखवावे.

पित्त केव्हा उठले, त्याआधी काय खाल्ले, कोणते औषध घेतले, हे एका वहीत टिपून ठेवावे. डॉक्टरांना कैक तपासण्यांपेक्षा या वहीचा उपयोग अधिक होतो.

दिवाळीचे दिवस तर याच दुखण्याचे दिवस. माळ्यावरची धूळ, फटाक्यांचा धूर, नवे उटणे, आणि शेंगदाणे-काजू घातलेला चिवडा! माळा झाडताना नाकातोंडाला ओला फडका बांधावा, झाडण्याऐवजी पुसावे. पाहुण्यांच्या मुलापुढे बशी ठेवताना "याला काही चालत नाही का?" एवढे त्याच्या आईला विचारावे. विचारणाऱ्या यजमानीणबाईंच्या पाहुणचारात यामुळे काही उणे येत नाही. उलट, फराळाची चव दोन्ही घरांना निर्धास्तपणे घेता येते, आणि गोळी फडताळातच राहते.