मेथीचा वाफा आणि मावशीची मांजरे

चाळीत भांडणे कशावरून होतात याची यादी करायला बसलो तर कागद पुरायचा नाही. नळाचे पाणी, दोरीवरचे कपडे, गटारात ओतलेला भात, रात्री अकरानंतरचा टीव्ही. या यादीत मांजराचे नाव सहसा कोणी घालत नाही. पण आमच्या ओळखीच्या निदान चार घरांत शेजाऱ्यांशी अबोला आला आहे तो मांजरावरून, आणि त्यातले एक घर आमचेच आहे. म्हणून हा लेख दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यासाठी नाही, हे वाचक बंधुभगिनींनी आधीच ध्यानात घ्यावे.

आम्ही बदलापूरला बैठ्या चाळीत राहतो. दहा खोल्या, मागे कंपाउंडची भिंत, आणि खोली व भिंत यांच्यामध्ये प्रत्येकाच्या वाट्याला चार फूट रुंद, दहा फूट लांब जागा. कुणी तिथे मोरी वाढवली, कुणी मोटारसायकल ठेवतो. आम्ही वाफा केला. मेथी, कोथिंबीर, चार मिरचीची रोपे आणि कोपऱ्यात अळू. आमच्या वडिलांच्या नावावर गावी मातीचे ढेकूळही नव्हते, सगळा जन्म दुसऱ्याच्या बांधावर गेला. त्यामुळे चाळीस चौरस फूट म्हणजे काय ते आम्हाला विचारा! वडील शेवटच्या आजारपणातही खुर्ची मागे टाकायला लावून त्या वाफ्याकडे बघत बसत.

आमच्या भिंतीला भिंत लागून मावशी राहतात. यजमान परळच्या गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षे झाली. मुलगा-सून डोंबिवलीला. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीचे पाणी चाळीत शिरले तेव्हा आमची पोरे रात्रभर मावशींच्या पोटमाळ्यावर होती. त्यांच्या घरातले कोरडे धान्य दोन दिवस दोन घरांनी खाल्ले. असे शेजारी. त्यांच्याशी आम्ही दीड महिना बोललो नाही.

सुरुवात एका करड्या भाटीपासून झाली. मावशी बोंबील निवडायच्या, मुंडकी दाराशी टाकायच्या. भाटी आली, खाऊन गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग बशीत दूध सुरू झाले. दोन महिन्यांनी तिला पिल्ले झाली. मांजराचा गाभणकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. पिल्ली पाच-सहा महिन्यांची झाली की स्वतःच गाभण राहू शकते, आणि अंगावर पिणारी पिल्ले असतानाही भाटीला पुन्हा दिवस जाऊ शकतात. हा हिशेब आम्हाला तेव्हा माहीत नव्हता. वर्षभरात भिंतीवर सात मांजरे दिसू लागली तेव्हा कळला.

त्या सातांचे संडास कुठे? आमच्या वाफ्यात!

यात मांजराचा खोडसाळपणा नाही. मांजर आपली घाण पुरून टाकते आणि त्यासाठी त्याला सैल, कोरडी, उकरायला सोपी माती लागते. सगळीकडे फरशी आणि सिमेंट, त्यात आम्ही खुरपून, ढेकळे फोडून, भुसभुशीत करून ठेवलेला वाफा. त्यांच्या दृष्टीने ती सोयच आम्ही करून दिली होती. पेरलेली मेथी तिसऱ्या दिवशी उकरलेली दिसायची. शिवाय बशीतले दूध. मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दूध पचत नाही, जुलाब होतात, हेही आम्हाला फार उशिरा समजले. म्हणजे दूध मावशींचे आणि त्याचा परिणाम आमच्या कोथिंबिरीवर.

पहिल्यांदा सांगायला गेलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "मांजर काय माझं हाय का? येतं, खातं, जातं." मांजराच्या सगळ्या भांडणांचे मूळ या एका वाक्यात आहे असे आम्हाला वाटते. खाऊ घालणारा म्हणतो मांजर माझे नाही, आणि त्याला कुणी दगड मारला की तोच म्हणतो, माझ्या मांजराला का मारलेस? कुत्र्याला पट्टा असतो, बकरीला दावे असते. मांजर दहा घरचे. त्याच्या घाणीची जबाबदारी कुणाच्या दारात नेऊन ठेवायची?

मग आमचे उपाय सुरू झाले. कुणी सांगितले निळीच्या पाण्याच्या बाटल्या टांगा. गावोगावी लोक कुत्र्यांसाठी टांगतात, तशा आम्हीही टांगल्या. मांजरे त्या बाटल्यांना पाठ घासू लागली. संत्र्याच्या साली पसरल्या. वास आहे तोवर मांजर थबकते, साल दोन दिवसांत वाळते आणि पुन्हा तेच. तिखट टाकायचे आम्हीच टाळले, कारण मांजर पंजा चाटते, डोळ्याला लावते, आणि त्याच वाफ्यात चाळीतली पोरे चेंडू काढायला शिरतात. पलीकडच्या एका गृहस्थांनी त्यांच्यामागे लागलेले एक मांजर पोत्यात घालून मच्छी मार्केटला सोडले. दहा दिवसांत दुसरा बोका आला. खाणे जागेवर असेल तर रिकामी जागा रिकामी राहत नाही.

इथवर हे चाळीतले नेहमीचे भांडण होते. पण २०२३ च्या दिवाळीनंतर आमच्या सुनेला दिवस गेले. कुणीतरी तिला म्हणाले, मांजराच्या घाणीने पोटातल्या बाळाला धोका असतो. आम्ही घाबरलो. घाबरलेला माणूस विचारत नाही, करून मोकळा होतो. त्याच संध्याकाळी वाफ्याच्या कडेने काळे फिनेल ओतले गेले. कोणी ओतले हे लिहून एकाला पुढे करणार नाही. बाटली आमच्या घरातून गेली आणि कोणीही अडवले नाही.

तिसऱ्या सकाळी मावशींच्या दारात करडीचे एक पिल्लू लाळ गाळत पडले होते. मागचे पाय लुळे. मावशींनी त्याला कापडी पिशवीत घातले आणि पहाटेची लोकल धरली. यजमान गिरणीत असल्यापासून त्यांना परळचे बैलघोडा इस्पितळ ठाऊक. कागदोपत्री नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचे, आणि चालवणारी संस्था १८७४ सालची, पण गिरणगावाला ते बैलघोडाच. मावशी तिथवर पोचल्याच नाहीत. कुर्ला येईपर्यंत पिल्लू गेले होते. उतरून परतीची गाडी धरली. हे त्यांनी आम्हाला सांगितले नाही, चाळीत दुसरीकडून कळले.

फिनेलचे गणित नंतर एका जनावरांच्या डॉक्टरांकडून समजून घेतले. अशा द्रव्यांत फिनॉलच्या जातीची रसायने असतात. माणसाचे यकृत ती बऱ्याच अंशी निकामी करते, मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही. मांजराने ते प्यावेच लागते असे नाही. ओल्या मातीतून चालून आले आणि पंजे चाटून साफ केले की पुरे. डांबराच्या गोळ्यांचेही तसेच, आणि त्या गोळ्या लहान मूल खडीसाखर समजून तोंडात घालू शकते. 'फक्त वासाने पळतील' या समजुतीने घरोघर हे दोन पदार्थ टाकले जातात, म्हणून मुद्दाम लिहितो.

चाळीत एका म्हातारबुवांनी ऐकवले की मांजर मेले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर द्यावे लागते. असली खुळे आपल्या घरांतून १९५६ सालीच गेली. सोन्याचे मांजर कुणाच्या घरी जात असेल हे न कळायला आम्ही कुकुले बाळ नाही. पण भटाचे भय गेले म्हणून केलेली गोष्ट केली नाही असे होत नाही, ही खंत रात्री झोपू देईना.

कायद्याची बाजूही तेव्हा पाहिली. प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. जनावराला जाणूनबुजून घातक द्रव्य देणे, किंवा उपासमार होईल अशा ठिकाणी ते टाकून देणे, हे त्याच्या अकराव्या कलमात गुन्हे आहेत. म्हणजे ते मच्छी मार्केटचे पोतेसुद्धा चौकशीत येऊ शकते. त्या वेळी पहिल्या गुन्ह्याला दंड ठरला होता १० ते ५० रुपये, त्यामुळे लोक हसतात. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात जनावराला मारणे, विष घालणे, जायबंदी करणे यांना पाच वर्षांपर्यंत कैद आहे. उंदराच्या औषधाची पुडी मांजरासाठी विकत घेणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

आणि ज्या भीतीने हे सगळे केले तिचे काय? सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सुनेला समोर बसवून सांगितले. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू आहे, मांजराच्या विष्ठेतून तो पसरतो, गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका असतो, हे खरे. पण लागण झालेले मांजर सहसा एक ते तीन आठवडेच तो बाहेर टाकते, आणि पडलेल्या घाणीतला जंतू लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस जातात. म्हणून घाण रोजच्या रोज उचलली तर धोका फार कमी होतो. गरोदर बाईने ती उचलू नये आणि उघड्या हाताने माती खणू नये. भाजी दोन-तीन पाण्यांनी धुवावी. मटण कच्चट खाऊ नये, कारण लागण त्यातूनही होते. बाई म्हणाल्या, मांजर भिंतीवर बसले म्हणून काही होत नाही. पाच मिनिटांचे बोलणे. हे पाच मिनिटांचे बोलणे आधी ऐकले असते तर!

सुनेला सातवा लागला तेव्हा मावशी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या. बोलायला नव्हत्या आल्या, डबा द्यायला आल्या होत्या. पोरीने काय कुणाचे घोडे मारले आहे, एवढेच म्हणाल्या. तो डबा हातात घेऊन गप्प बसणे आम्हाला जमले नाही. फिनेलचे सांगितले. मावशींनी ऐकून घेतले, पदराने तोंड पुसले आणि उठून गेल्या. दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आल्या. "डबा द्या माझा," म्हणाल्या. मग वाफ्याकडे बघत, "आन् ह्ये आता करायचं काय ते सांगा. मला त्यांना उपाशी मारवत न्हाई, आन् तुमची पोर बी माझीच हाय."

करायचे ते फार अवघड निघाले नाही. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी आणली आणि वाफ्यावर आडवी अंथरून वर अर्धा-पाऊण इंच माती टाकली. मेथीचे कोंब जाळीच्या भोकांतून वर येतात. मांजर एकदा उकरायला बघते, नख अडकते, पुन्हा येत नाही. पेरल्यावर पहिले दहा दिवस जुनी मच्छरदाणी ताणून बांधली आणि माती ओली ठेवली. ओली माती मांजराला आवडत नाही. कुंपण वाढवायच्या भानगडीत पडलो नाही, पाच-सहा फूट उडी मारणाऱ्याला कुंपण काय करणार?

पण इथून हाकलले तर मांजर शेजारच्या तुळशीत नाहीतर पोरांच्या खेळायच्या वाळूत जाणार, म्हणून दुसरी जागा द्यावी लागली. मावशींच्या जिन्याखाली दोन फुटकी घमेली, त्यांत कोरडी वाळू. खाण्याच्या बशीपासून लांब, कारण खाण्याच्या जागी मांजर घाण करायला नाखूश असते. सुरुवातीला वाफ्यातली थोडी माती त्या वाळूत मिसळली, वासाने ती बरोबर पोचली. रोज सकाळी मावशी खुरप्याने उचलून कागदात बांधतात. दूध बंद झाले. बोंबलाची मुंडकी ठरल्या वेळी, आणि उरलेले उचलायचे. उघडे राहिले की बाहेरचे बोके येतात.

राहिला वाढत्या संख्येचा प्रश्न. समाजमंदिरात बसून सहा घरांनी वर्गणी काढली आणि करडीसह तीन भाट्या व दोन बोक्यांची नसबंदी करून आणली. खर्चावरून थोडी कुरबुर झालीच. ज्यांच्या दारात मांजर फिरकत नाही ते म्हणाले, आम्ही का द्यायचे? त्यांनी दिले नाहीत, चालले. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराच्या कानाचे टोक थोडे कापतात, म्हणजे पुन्हा तेच पकडले जात नाही. बोक्यांचे रात्रीचे रडणे आणि दारावर मुतणे बरेच कमी झाले. करडीला पकडायला मात्र चार दिवस लागले. शेवटी मावशीच खुराड्यात बोंबील घेऊन हाक मारत बसल्या तेव्हा आली.

नात झाली, ठणठणीत आहे. रांगू लागली तेव्हा मागच्या दाराला फळी ठोकली, ती मांजरांमुळे नव्हे, मोरीमुळे. गेल्या हिवाळ्यात मेथीच्या अकरा जुड्या निघाल्या. पहिली मावशींकडे गेली. करडी अजून भिंतीवर बसते. आम्ही पाण्याचा पाइप घेऊन वाफ्यापाशी गेलो की ती उठून चार पावले लांब जाते आणि तिथून आमच्याकडे बघत राहते.