दार हळू ढकललं की जास्त का करकरतं?

रात्री उशिरा घरी आलात, चोरपावलांनी दार ढकललं आणि बिजागरीने 'कर्रर्र' करून अख्खं घर उठवलं. झालंय ना असं? माझं तर नेहमीच होतं.

बिजागरीचं पोलाद गुळगुळीत दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली बघाल तर सगळे उंचवटे! हे उंचवटे जिथे एकमेकांना टेकतात, तिथे धातू धातूला चक्क चिकटतो. आपण ढकलतो, ताण साठत जातो आणि एका क्षणी पकड सुटते. आता गंमत बघा. कोरड्या पोलादावर अडकलेलं पोलाद हलवताना घर्षणांक असतो साधारण ०.७४, एकदा सरकायला लागलं की ०.५७. म्हणून सुटलेला भाग झटक्यात पुढे जातो, ताण उतरतो, पुन्हा अडकतो. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की करकर ऐकू येते. १९३९ मध्ये केंब्रिजच्या बाउडन आणि लेबन यांनी धातूंचं हे अडकणं-सटकणं मोजून दाखवलं.

हळू ढकललं की चिकटायला वेळ मिळतो, म्हणून आवाज जास्त. झटकन उघडलं तर बऱ्याचदा गप्प!

उपाय? तेलाचे दोन थेंब. धातूंच्या मध्ये थर आला की चिकटणंच कमी होतं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. बाईकचा ब्रेक किंचाळतो, त्यामागेही अनेकदा घर्षणाचंच कंपन असतं. तिथे मात्र चुकूनही तेल घालू नका. ते घर्षणच तुम्हाला थांबवतं. ब्रेक मेकॅनिकला दाखवा, तेल बिजागरीला घाला!