तापात मूल मान वळवीत नाही तेव्हा

पायात काटा मोडून सडला की जांघेत अवधाण येते, हे शेतात राबणाऱ्या बंधुभगिनींना आम्ही सांगावयास नको. जंतू पुढे जाऊ नयेत म्हणून शरीर ते तेथील गाठीत अडवून धरते. लहान मुलांच्या घशामागे, मानेच्या मणक्यांपुढे, अशाच बारीक गाठी असतात. नाक, कान व टॉन्सिलकडून येणारे जंतू त्या अडवितात. पाचसहा वर्षांनंतर त्या बहुधा आटतात. म्हणून घशामागचे गळू मुख्यतः त्याहून लहान, एरवी धडधाकट मुलांतच आढळते.

सर्दी किंवा घसादुखीनंतर कधी या गाठींतच पू धरतो. तोंडात काडी धरून पळताना मूल पडले, किंवा माशाचा काटा घशात रुतला, तरी असे होऊ शकते. बाहेर बहुधा फोड किंवा लाली दिसत नाही, त्यामुळे गळवाची शंकाही येत नाही.

खुणा अशा : ताप हटत नाही. मूल मान एका बाजूला धरते, वर पाहत नाही. गिळताना रडते, दूध नाकारते, लाळ गाळते. आवाज दबतो, पुढे श्वासाला घरघर लागते.

अशा वेळी आपण 'मान लचकली' म्हणून तेल चोळतो, नाहीतर मागच्या आजारातले उरलेले औषध पाजतो. त्यात मोलाचा वेळ जातो. गळू आत फुटले तर पू श्वासनळीत जाऊन मूल गुदमरू शकते. म्हणून घशात बोट किंवा चमचा घालू नये. ताप व ताठ मान ही मेंदूज्वराचीही खूण आहे. तेथेही विलंब घातकच.

मुलाला तडक मोठ्या इस्पितळात न्यावे. वाटेत ते ज्या बैठकीत सुखाने श्वास घेते तसेच मांडीवर धरावे, जबरीने आडवे करू नये. लाळ गळत असल्यास काही भरवू नये. इस्पितळात गरजेप्रमाणे मानेचा सीटी स्कॅन काढतात व शिरेतून जंतुनाशक औषधे देतात. लहान गळू पुष्कळदा तेवढ्याने बसते. मोठे असल्यास भूल देऊन पू काढतात. वेळीच उपचार झाले तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात.

आईबापांनो, तापलेल्या मुलाला छताकडे पाहावयास सांगा. त्याला ते जमत नसेल, तर उजाडण्याची वाट पाहू नका.