एकटीने सांगितलेली घराची गोष्ट

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. 1843 साली विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने येथे ‘सीतास्वयंवर’ रंगवले आणि मराठी रंगभूमीची सुरुवात झाली. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील नायगावी 1831 साली सावित्रीबाई फुले जन्मल्या. त्यांच्यावर सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग लिहिला आणि स्वतः सादर केला. एक बाई उभी राहते, दुसऱ्या बाईचे आयुष्य सांगते आणि माणसे ऐकतात. एकपात्रीला एवढे पुरते.

याच साधनाने सातासमुद्रापलीकडच्या एका मुलीने आपल्या घरचे दुःख सांगितले.

ले थी दिएम थुई हिचा जन्म 1972 सालचा, दक्षिण व्हिएतनाममधला. 1975 मध्ये युद्ध संपले आणि पुढच्या वर्षांत लाखो लोक देश सोडून निघाले. 1978 मध्ये थुई वडिलांबरोबर मासेमारीच्या होडीतून निघाली. अमेरिकी नौदलाच्या जहाजाने त्यांना वाचवले. सिंगापूरच्या निर्वासित छावणीतून ते कॅलिफोर्नियात पोहोचले. आई नंतर आली. थोरला भाऊ मायदेशीच समुद्रात बुडाला होता, थोरली बहीण मलेशियाच्या छावणीत बुडून गेली. ‘थुई’ हे खरे तर त्या बहिणीचे नाव. वडिलांच्या हातून ते चुकून धाकटीला लागले आणि बहीण गेल्यावर आईने ते तसेच राहू दिले. तिला हाक मारली की गेलेल्या लेकीचेही नाव घेतले जाते.

मोठेपणी तिने ही वेदना एकपात्री प्रयोगांतून मांडली. 2003 साली तिची कादंबरीही आली. घरात जे कोणी बोलत नव्हते, ते लेकीने बोलून दाखवले.

आपल्याकडे असे मौन कमी आहे का? कोयनेच्या पाण्याखाली गावे गेली. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाने किती घरे मोडली. 2019 च्या महापुरात सांगलीकरांच्या घरांतले जुने फोटो आणि कागद वाहून गेले. फाळणीत काही घरांतले भाऊ तिकडे गेले, बहिणी इकडे राहिल्या. नातवंडांनी विचारले की आपण म्हणतो, “जाऊ दे बेटा, जुन्या गोष्टी.”

आम्ही नववीच्या मुलींना एकदा सांगितले, आपल्या नानी-दादी बनून पाच मिनिटे बोला. एक मुलगी नानीची ओढणी घेऊन आली. सगळे सोडताना नानीने फक्त जाते उचलले होते, हे तिला आदल्या रात्रीच कळले होते. “तू आधी का नाही सांगितलंस?” असे विचारल्यावर नानी म्हणाली होती, “तू कधी विचारलंच नाहीस.”

यासाठी रंगमंच हवाच असे नाही. मुलीने चारचौघांत उभे राहावे की नाही, हा ज्या त्या घराचा विचार. पण रात्री जेवणानंतर दस्तरखान उचलला की अर्धा तास बसता येते. मुलाने विचारावे, मोठ्यांनी सांगावे. एखादी जखम अजून ओली असेल तर आग्रह धरू नये. जे सांगतील ते मात्र त्यांच्याच बोलीत, मग ती दखनी असो वा मराठी, लिहून ठेवावे.

दादी-नानी आहेत तोवरच हे विचारता येते.