रोजा नसला तरी दस्तरखानावर जागा हवी

रमजानमध्ये मधुमेहाचा रुग्ण 'डॉक्टरांनी यंदा रोजा ठेवू नका म्हटलंय' असे चारचौघांत मोकळेपणाने सांगतो. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेल्याला मात्र हे बोलता येत नाही. आजाराचे नाव बाहेर फुटले तर बहिणीचे लग्न अडेल, या धास्तीने घरचेही गप्प राहतात. मग कधी कधी तो गोळ्या गुपचूप बंद करतो आणि सर्वांबरोबर सहरीला बसतो. रोजा पुरा केला की आपण इतरांसारखेच आहोत, हे त्याला घरच्यांना दाखवून द्यायचे असते.

ही धडपड महागात पडू शकते. गोळ्या अचानक थांबवल्या तर आजार उलटतो. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातले पाणी कमी झाले तर रक्तातले औषधाचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. बायपोलर रुग्णाला जागरणही बाधते. म्हणून रोजा ठेवावा का, गोळ्यांच्या वेळा बदलता येतील का, हे मानसोपचारतज्ज्ञांनाच विचारावे.

धर्माने ही वाट आधीच मोकळी ठेवली आहे. कुरआनच्या सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजातून सवलत आहे. बरे वाटल्यावर ते रोजे भरून काढता येतात. ज्याचे भान हरपले आहे, त्याच्यावर तर ही जबाबदारीच नाही, असे हदीस सांगते. कैरोत सुलतान कलावूनने 1284 मध्ये उभारलेल्या रुग्णालयात मनोरुग्णांवरही उपचार होत. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवावे, असे आपल्याकडचा 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही सांगतो.

तरीही इफ्तारला पाहुणे येणार असले की त्याला आतल्या खोलीत बसवले जाते. 'त्याला काय कळतंय' हे शब्द त्याच्या कानावर पडतात आणि हळूहळू त्यालाही ते खरे वाटू लागतात. त्याऐवजी फळे कापण्याचे, खजूर मांडण्याचे, शेजारी इफ्तारीचे ताट पोचवण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. रोजा नसला तरी मगरिबच्या अजानला त्याची जागा सर्वांच्या शेजारीच असावी. घरच्यांनाही आधार लागतो. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

ईदला शिरखुर्म्यासाठी येणाऱ्या हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांनीही 'तो कसा आहे?' असे आईला विचारण्यापेक्षा थेट त्यालाच विचारावे.