दिवसपाळी, रात्रपाळी

जानेवारी १९४३ मध्ये चर्चिल आणि रूझवेल्ट मोरोक्कोतल्या कासाब्लांकात भेटले. अमेरिकी विमानांनीही ब्रिटिशांसारखे रात्रीच जर्मनीवर हल्ले करावेत, असा चर्चिल यांचा आग्रह होता. अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाचे प्रमुख आयरा ईकर यांनी त्यांच्या हाती एक टिपण दिलं. आम्ही दिवसा जातो, तुम्ही रात्री जा, म्हणजे शत्रूला उसंतच मिळणार नाही. चर्चिल यांना ते पटलं. दोन मित्रराष्ट्रांमध्ये बाँबफेकीच्या पाळ्या लागल्या त्या अशा.

ब्रिटिश रात्रपाळीला का गेले, याचं उत्तर फारसं गौरवाचं नाही. दिवसा गेलेली त्यांची विमानं फार पडत होती आणि रात्री कारखाने दिसत नव्हते. १९४१च्या एका सरकारी पाहणीत आढळलं, की ‘लक्ष्य गाठलं’ असं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचली होती. कारखाना सापडत नसेल, तर सापडतं ते अख्खं शहर. फेब्रुवारी १९४२च्या आदेशाने नेमकं तेच लक्ष्य ठरलं.

मग कोणतं शहर? जे चटकन पेटेल ते. २८ मार्च १९४२ रोजी, पाम संडेच्या आदल्या रात्री, २३४ विमानांनी ल्युबेक गाठलं. हे मध्ययुगीन बंदर म्हणजे अरुंद गल्ल्या आणि लाकडी घरं. तिथल्या मारियनकिर्शं या चर्चच्या मनोऱ्यातून कोसळलेल्या घंटा आजही फरशीत रुतलेल्या तशाच ठेवल्या आहेत. बदला म्हणून हिटलरने इंग्लंडमधल्या एक्सिटर, बाथ, नॉर्विच, यॉर्क आणि कँटरबरीवर विमानं धाडली. या हल्ल्यांना नाव पडलं ते ‘बेडेकर’ या जर्मन पर्यटन-मार्गदर्शिकेचं! जुनं आणि देखणं असणं हाच आता शहरांचा गुन्हा ठरू लागला होता.

अमेरिकी वैमानिकांचा भरवसा बाँबचा नेम धरणाऱ्या नॉर्डेन दुर्बिणीवर होता. नेमकं टिपायचं, वस्त्या टाळायच्या, हे त्यांचं ब्रीद. पण ही दुर्बीण अमेरिकेच्या वाळवंटात अजमावलेली. युरोपातल्या ढगांपुढे तिचं काही चालेना. मग रडारच्या भरवशावर ढगांतून बाँब टाकले जाऊ लागले. कागदावर लक्ष्य रेल्वेचं यार्ड, खाली मात्र मोहल्ले.

१३ फेब्रुवारी १९४५ रोजी जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावर पहिला हल्ला खरं तर अमेरिकी विमानांचा व्हायचा होता. हवा बिघडली आणि तो रद्द झाला. त्या रात्री दहानंतर ब्रिटिश आले. सुमारे तीन तासांनी त्यांची दुसरी, त्याहून मोठी लाट आली. तोवर शेजारच्या गावांचे आगीचे बंब मदतीला पोचले होते. दोन्ही लाटा मिळून साडेसातशेहून जास्त लँकास्टर विमानं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनशेवर अमेरिकी बी-१७ विमानांनी धुरावर आणखी बाँब टाकले. त्याच मोहिमेतली साठेक विमानं वाट चुकली आणि खाली ड्रेस्डेनच आहे असं समजून त्यांनी प्रागवर बाँब ओतले. नाझींच्या ताब्यातल्या, म्हणजे ज्याला सोडवायचं त्याच शहरातले सुमारे ७०० लोक मेले.

ड्रेस्डेनमध्ये मेलेल्यांचा आकडा नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या प्रचाराने दोन लाखांवर नेला. शहराने नेमलेल्या इतिहासकारांनी तो २०१० मध्ये जास्तीत जास्त २५ हजार ठरवला. तोही काही थोडा नव्हे.

हे कुणी केलं, या प्रश्नावर मात्र दोस्तीची वीण सैल झाली. सोव्हिएत सेनेची मागणी होती, असं पुढे सांगितलं गेलं. याल्टाच्या परिषदेत रेल्वेची कोंडी करा म्हणून रशियनांनी आग्रह धरला होता हे खरं. पण ड्रेस्डेन त्याआधीच पश्चिमेच्या यादीत आलं होतं. ‘दहशतीसाठी बाँबफेक’ अशी बातमी फुटताच, आमचं धोरण बदललेलं नाही, असा खुलासा अमेरिकेने केला.

आणि चर्चिल? २८ मार्च १९४५ला त्यांनी एक टिपण लिहिलं. केवळ दहशत वाढवण्यासाठी होणारी बाँबफेक आता थांबवावी का, असा त्याचा रोख होता आणि त्यात ड्रेस्डेनचं नाव होतं. जणू हे सगळं भलत्याच कुणाच्या हुकमाने घडलं होतं! ब्रिटिश हवाई दलाचे प्रमुख पोर्टल भडकले. टिपण मागे घेतलं गेलं आणि १ एप्रिलला नवं लिहिलं गेलं. त्यात ना दहशत होती, ना ड्रेस्डेन. १४ एप्रिलच्या रात्री सुमारे ५०० ब्रिटिश विमानं पॉट्सडॅमवर गेली आणि प्रशियाच्या राजांचं गॅरिसन चर्च जळालं.